सरकारी घेर

संक्रांत होऊन चार दिवस झाले नव्हते, तोच नगरच्या तोफखाना गल्लीतल्या बायका घंटेसारख्या दिसायला लागल्या. कमरेच्या वर बाई नेहमीचीच. तोच अंबाडा, तेच कुंकू, नवरा घरी उशिरा आल्यावर करायचा तोच चेहरा. कमरेखाली मात्र पातळ असं काही फुललेलं असायचं, की बाई उंबरठा ओलांडून आत आली तरी तिचा मागचा घेर काही वेळ बाहेरच रेंगाळायचा. बोळात दोघी समोरासमोर आल्या तर एकीला ओट्यावर चढावं लागे.

गल्लीतल्या पुरुषांनी याची दखल घेतली नाही. बायकोच्या नेसण्याकडे लक्ष न देणं हे तोफखान्यात सभ्यपणाचं लक्षण समजलं जाई, आणि ते स्वस्तही पडे. अपवाद एकट्या नृसिंह गंध्याचा. सायकलवरून कामाला निघालेला नृसिंह समोरून येणाऱ्या प्रत्येक बाईच्या घेराकडे डोळे फाडून पाही, मनाशी काही मापे आणि भर जानेवारीत कपाळावरचा घाम पुसे. त्या प्रत्येक पातळाच्या आत काय आहे हे त्याला ठाऊक होतं. आत मच्छरदाणी होती. मच्छरदाणी सरकारी होती. आणि ती सरकारच्या कोठारातून बाहेर पडली होती ती नृसिंहाच्या सहीने.

नृसिंह भिंगार कॅम्पातल्या लष्करी कोठारात कारकून होता. बी. ए. होता, आणि तेही इंग्रजी घेऊन. या इंग्रजीचा त्याला आयुष्यात एकदाच उपयोग झाला, आणि झाला नसता तर बरं, असं आता त्याला वाटत होतं.

झालं होतं असं. नाताळात क्लबात बॅले बसवायचा असं मेजर पेंडल्टनच्या मेमसाहेबाच्या मनात आलं. लहानपणी ती विलायतेत हा नाच शिकली होती. पुढे लग्न झालं, वजन वाढलं आणि नवऱ्याची नगरला बदली झाली. आता स्वतः नाचणं शक्य नव्हतं, म्हणून तिने अधिकाऱ्यांच्या मुली धरल्या. मुली मिळाल्या, बाजाची पेटी मिळाली, कापड मिळेना. लढाई संपून वर्ष उलटलं होतं, तरी कापडावरचं नियंत्रण उठलं नव्हतं. मलमलीचा तागा मेमसाहेबालाही दिसत नव्हता. तेव्हा मेजरसाहेबांनी तोडगा काढला. लढाईत इस्पितळासाठी आलेल्या पांढऱ्याशुभ्र मच्छरदाण्या कोठारात पडून होत्या. त्या तात्पुरत्या न्याव्यात, झगे शिवावेत, कार्यक्रम झाला की उसवून परत कराव्यात. कोणीतरी जबाबदार माणसाने सही करावी. जबाबदार माणूस म्हणजे ज्याला नाही म्हणता येत नाही तो. नृसिंहाने सही केली.

मेमसाहेबाने त्याच्याकडून एक भाषणही टाइप करून घेतलं. पडदा उघडण्याआधी ती बॅलेच्या पोशाखाचा इतिहास सांगणार होती. आधी इतिहास सांगितला म्हणजे पाय बघताना लोकांना आपण इतिहास बघतोय असं वाटतं, असं तिचं मत होतं. भाषण पाच वेळा बदललं, पाच वेळा टाइप झालं, आणि नृसिंहाला पाठ झालं.

रात्री जेवताना त्याने ते अंबिकेला ऐकवलं. बायकोला काही नवीन सांगण्याची संधी त्याला क्वचितच मिळत असे.

"पहिल्यांदा फ्रान्सच्या दरबारात पुरुषच नाचायचे. बायकांची सोंगं पोरं घ्यायची."

"म्हणजे आपल्या नाटक कंपन्यांसारखंच," अंबिका म्हणाली. "मग?"

"मग बायका आल्या. पण झगे जमिनीवर लोळणारे, आत कांबीचे सांगाडे, पायात उंच टाचा. नाचणार काय, कपाळ! मग दोनशे वर्षांपूर्वी एकीने काय केलं, तर टाचा काढल्या आणि झगा घोट्याच्या वर घेतला. पाय कसे पडतात ते लोकांना दिसावं म्हणून."

"आगाऊच असेल. भाकरी वाढू?"

"अर्धी. पॅरिसमध्ये केवढा गहजब झाला! पुढे शंभर वर्षांनी पांढऱ्या जाळीचे, घंटेसारखे झगे आले. बाई नाचायला लागली की तरंगतेय असं वाटायचं. समोर बसलेल्या बायकांनी ते बघितलं आणि घरी जाऊन शिंप्याला सांगितलं, आम्हालाही अस्संच. गॅसच्या दिव्यांनी ते झगे पेटायचे. बायका जळून मेल्या काही. फॅशन नाही मेली." इथे नृसिंह थांबला, कारण मेमसाहेबही इथे थांबत असे. "मग झगा आखूड होत होत ताटलीसारखा आडवा झाला. मग रशियन नाचणारे आले रंगीत तुर्की विजारी घालून, तर पॅरिसच्या बायकांनी विजारी शिवल्या. सारांश काय, जे आज रंगमंचावर चढतं ते उद्या रस्त्यावर उतरतं."

अंबिकेने भाकरी ताटात टाकली. "त्या घंटेच्या आत काय असतं?"

"जाळीच. थरावर थर. खळ दिलेली."

"खळ भाताची की मैद्याची?"

हा प्रश्न ऐकून कोणत्याही शहाण्या नवऱ्याने हातचा घास खाली ठेवला असता. नृसिंह म्हणाला, "ते भाषणात नाहीये."

बॅले उत्तम झाला असं क्लबातल्या लोकांचं मत पडलं. मेमसाहेब जानेवारीच्या सुरुवातीलाच मुंबईला जाऊन बोटीत बसली. मेजरसाहेब मागून जाणार होते. झगे उसवायचे राहिले. कॅम्पातला शिंपी गावी गेलेला. हेडक्लार्क राधाकृष्णपंत म्हणाले, "गंधे, घरी न्या. वहिनींना म्हणावं, जरा दोरे काढून द्या. घाई नाही." नृसिंहाने सायकलच्या कॅरियरवर दोन पोती बांधून घरी आणली.

"हे परत द्यायचेत?" अंबिकेने विचारलं.

इथे 'हो' एवढंच म्हणायचं होतं. पण पोती उघडल्यावर अंबिकेच्या डोळ्यांत त्याच्याविषयी जे काही चमकलं ते लग्नानंतर पहिल्यांदाच चमकलं होतं, आणि त्या उजेडात नृसिंह म्हणाला, "द्यायचे म्हणजे... आता इंग्रजच निघालाय. मच्छरदाण्या मागायला कोण बसलंय? सगळं माझ्याच सहीत आहे."

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दरसाल सवाष्णींना काहीतरी वाण लुटावं लागतं. गेल्या साली अंबिकेने फण्या लुटल्या होत्या. तेव्हा समोरच्या घरातल्या लंकाबाईंनी फणी उजेडात धरून चारचौघींत विचारलं होतं, "दात मोजून घ्यायचेत का गं?" लंकाबाई म्हणजे गल्लीचं धर्मशास्त्र. कोणत्या सणाला काय चालतं आणि काय चालत नाही हे त्यांच्या ओट्यावर ठरे. त्या प्रश्नाचा ठणका अंबिकेच्या मनात वर्षभर होता.

नृसिंह त्या संध्याकाळी घरी आला, तेव्हा बायका हळदीकुंकू आटोपून बाहेर पडत होत्या. प्रत्येकीच्या हातात पांढरं शुभ्र, हलकं गाठोडं. त्याला वाटलं, हलवा आहे. एवढा हलवा अंबिकेने कधी केला, याचं कौतुक करत तो आत गेला. कोपऱ्यात दोन रिकामी पोती घडी घालून ठेवली होती.

"वाण काय दिलंस?" हा प्रश्न त्याने उभ्यानेच विचारला.

"झगे. एकेक. साध्या खणाला रांग लावावी लागते आणि मी आख्खं कापड लुटलं! लंकाबाईंच्या तोंडून शब्द नाही फुटला."

"अगं, ते सरकारचे आहेत!"

"तुम्हीच म्हणालात, सरकार चाललंय."

"चाललंय! गेलं नाहीये!"

"मग जाईल की. संक्रांत काय त्याच्यासाठी थांबते?"

इतकं असूनही पुढचे दोन दिवस नृसिंहाने तसे बरे काढले. मेजर जाणार, पंतांना घाई नाही, मच्छरदाण्या मागायला कोण बसलंय, हे तो स्वतःला सांगत राहिला. तिसऱ्या दिवशी राधाकृष्णपंतांनी सगळ्या कारकुनांना गोळा करून सांगितलं, की रथसप्तमीच्या सुमारास पुण्याहून तपासनीस येणार. सरकार बदलणार म्हणजे माल नव्या सरकारच्या हवाली करायचा, आणि हवाली करायचा म्हणजे खिळ्यापासून मोजायचा.

"गंधे, त्या मच्छरदाण्या आल्या ना?"

"उसवणं चाललंय, पंत."

"वहिनी फारच बारीक काम करतात वाटतं."

गेल्या साली बाजूच्या कोठारातल्या एका कारकुनाला घोंगड्यांच्या भानगडीत तुरुंग दाखवला होता. त्याची बायको आता माहेरी होती. त्याचा पाट नृसिंहाच्या डोळ्यांपुढे येऊ लागला, म्हणजे त्या कारकुनाने जेवायला घ्यायचा तो, भिंतीला उभा करून ठेवलेला. तो पाट त्याने कधी पाहिला नव्हता, पण दिसायचा अगदी स्पष्ट.

"परत मागून आण," त्याने अंबिकेला सांगितलं. तुरुंगाचा शब्द त्याला उच्चारावा लागला, तेव्हा अंबिकेचंही तोंड उतरलं. ती लंकाबाईंच्या ओट्यावर गेली आणि कोणा मावसबहिणीचं नाव घेऊन विचारून आली.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, दिलेलं वाण परत मागणं म्हणजे आपलंच कुंकू पुसायला पाणी मागण्यासारखं आहे. मागणारीच्या नवऱ्याला बाधतं."

"मला तसंही बाधणारच आहे!"

"पण ते सरकारकडून. हे माझ्याकडून होईल." अंबिका पदराचं टोक पिळत होती. "दुसरं काहीही सांगा. हे नाही."

दुसरं काही सुचेना. विकत मच्छरदाण्या घेऊन भरपाई करावी म्हणून तो कापडबाजारात फिरला, तर दुकानदार हसले. उलट एकाने हळूच विचारलं, "तुम्ही कॅम्पातले ना? तुमच्याकडेच निघते का बघा की."

आणि इकडे घेर वाढतच होते. बायकांनी झग्यांना खळ दिली होती, आणि एकीच्या घेरापेक्षा दुसरीचा कमी भरला की पुन्हा दिली होती. गोल पातळ नेसणाऱ्या तरण्या सुनांचं ठीक होतं. पण आयुष्यभर नऊवारीत वावरलेल्या लंकाबाईंनीही घरातल्या घरात, दार लावून, एकदा गोल नेसून पाहिल्याची बातमी होती. नृसिंह सायकलवरून जाताना मोजे. ही इंदू, म्हणजे एक. ही पलीकडची, हिने कापून दोन केलेले दिसतात, म्हणजे अर्धी. ही अर्धी कोणाची?

एके सकाळी लंकाबाईंनी अंबिकेला ओट्यावर बोलावून घेतलं.

"नरसूचं काही बिनसलंय का गं?"

"का हो?"

"बायकांच्या कमरेकडे बघतो. आज इंदू पाण्याला चालली होती, तर हा सायकल थांबवून बघत उभा. वर तोंडाने पुटपुटत होता. माझ्याकडेही बघितलं परवा. म्हटलं, या वयात आपल्याकडे कोण बघतंय! पण बघितलं. शनीला तेल घाल."

अंबिकेने तेल घातलं. नृसिंहाने मान खाली घालून सायकल चालवायला सुरुवात केली, आणि झेंडीगेटापाशी एका टांग्यावर आदळला.

दूध घेऊन येणारी केडगावची बनुबाई पुढची बातमी घेऊन आली. कासंडी खाली ठेवून ती अंबिकेभोवती एक फेरी मारून आली.

"वैनीबाई, ह्योच व्हय त्यो फुग्याचा परकर? आमच्याकडं सुताराच्या सुनंनं घातला हुता. दारात अडाकली. सासरा म्हनला, पोरी, चौकट काढू का परकर काढती?"

आतून नृसिंह धावतच आला. "केडगावात? केडगावात कुठून आला?"

"बाजारात इकत्यात की, मालक. लई चोरून. नालेगावातबी घेतल्यात बायांनी. कॅम्पातला माल हाय म्हनं." बनुबाईने आवाज खाली आणला. "त्याच्या कोपऱ्यावर सरकारी शिक्का असतुया. शिक्का आसंल तरच घ्यायचा. न्हाईतर नकली."

नृसिंहाने मनात हिशेब मांडला. म्हणजे कोठाराला दुसरीकडूनही भोक होतं, आणि त्याने वाटेत सांडलेल्या फॅशनने त्या भोकाला गिऱ्हाईक आणून दिलं होतं. पण त्या दुसऱ्या माणसाने सही केलेली नव्हती. ज्या दिवशी मोजणी होईल, त्या दिवशी तोफखान्यातली जाळी, नालेगावातली जाळी आणि सुताराच्या सुनेच्या चौकटीत अडकलेली जाळी, सगळी एकाच सहीखाली येणार होती.

त्या दिवसापासून त्याचं जेवण अर्ध्या भाकरीवर आलं. अंबिका ते बघत होती. रथसप्तमीला लंकाबाईंकडे हळदीकुंकू होतं, हंगामातलं शेवटचं. तिथून ती आली ती चेहऱ्यावर निर्णय घेऊनच.

"मिळतील," ती म्हणाली.

"वाण मागितलंस?"

"छे! मागेन कशी? म्हटलं, कॅम्पात प्रदर्शन आहे. मेमसाहेबांनी सांगून ठेवलंय, की आमच्या झग्यांचं नगरच्या बायकांनी काय केलं ते बघायचंय. एक दिवस बघायला द्यायचे. लग्नाला नाही का आपण पातेली देतो नाव घालून? तसंच नाव घालून द्या. लंकाबाई म्हणाल्या, दाखवायला दिल्याने वाण मोडत नाही."

नृसिंहाला आठवड्यात पहिल्यांदा पूर्ण श्वास घेता आला. एक दिवस. मोजणी झाली की संध्याकाळी परत. पुढचं पुढे.

"पण खळखळ नाही केली कोणी?"

"नाही. मी म्हटलं, उत्तम घेराला बक्षीस आहे."

"बक्षीस? कसलं बक्षीस?"

"ते मला काय माहीत? तुमचं ऑफिस आहे."

बक्षिसाच्या बातमीला पाय फुटले. दोन दिवसांत नृसिंहाच्या घरात पाऊल ठेवायला जागा उरली नाही. जाळीला जुन्या पैठणीचे काठ लागले होते. एकीने हळदीत बुडवून पिवळा केला होता, एकीने तिळगुळाच्या डब्याचे रंगीत कागद चिकटवले होते. लंकाबाईंच्या झग्याला भिंगं होती, ओळीने, आणि कमरेच्या पट्टीवर तांबड्या दोऱ्याने पूर्ण नाव, नवऱ्याच्या नावासकट. नालेगावच्या ओळखीपाळखीच्या बायकांनी आणून टाकले. बनुबाईने स्वतःचा आणून दिला.

"तुम्हीही घेतलात, बनुबाई?"

"मंग! आमी काय बिनकमरेच्या हाय का?"

कुठल्या झग्यात कुठली मच्छरदाणी याचा पत्ता लागेना. नृसिंहाने मोजायचा प्रयत्न दोनदा केला आणि दोन वेगळे आकडे आले. जास्त असलेले बरे, कमी नकोत, असा विचार करून त्याने सगळेच टांग्यात भरले.

तपासनीस शेषाद्री हे किडकिडीत गृहस्थ होते. कपाळाला गंध, कानाला पेन्सिल. सकाळपासून त्यांनी बादल्या, तंबूच्या मेखा आणि घोड्यांचे नाल मोजले होते आणि त्यांचा चेहरा नालांसारखाच झाला होता. मच्छरदाण्यांची पाळी आली. हमाल छगनने पहिलं पोतं सोडलं आणि लंकाबाईंचा झगा बाहेर काढला. खिडकीतून ऊन येत होतं. भिंगांचे कवडसे सगळ्या कोठारभर नाचले.

शेषाद्रींनी पेन्सिल कानावरून काढली. "हे काय आहे?"

"मच्छरदाणी, सर."

"ही?"

आणि नृसिंहाच्या तोंडून भाषण सुरू झालं. त्याने ते सुरू केलं नव्हतं. भीतीने तोंड उघडलं आणि जे पाठ होतं ते बाहेर पडलं. फ्रान्सचा दरबार, सोंगं घेणारी पोरं, टाचा काढणारी ती बाई, घंटेसारखे झगे, गॅसचे दिवे, ताटलीसारखे झगे, रशियन विजारी. राधाकृष्णपंत आ वासून बघत होते. शेषाद्रींनी मध्ये थांबवलं नाही. सकाळपासून नाल मोजलेल्या माणसाला कोणतंही भाषण गोड लागतं.

"आणि ही हळद?" त्यांनी शेवटी विचारलं.

"रंगभूषा, सर."

"हे नाव?"

"नाचणाऱ्या... कलाकाराचं, सर."

शेषाद्रींनी 'लंकाबाई' हे अक्षर न् अक्षर वाचलं, आणि विलायती अधिकाऱ्यांच्या मुलींची नावं अलीकडे कशी असतात याविषयी काही बोलले नाहीत. त्यांनी पट्टीचा कोपरा उलटला. शिक्का होता.

"शिक्का आहे म्हणजे मच्छरदाणी आहे. बाकीचं मला काय करायचंय? एक शिक्का, एक नग. मोज रे."

छगन मोजू लागला. शिक्क्यांची मोजणी वर चढत गेली, तसतसा नृसिंहाच्या छातीवरचा दगड खाली उतरत गेला. कमी नव्हते. अजून कमी नव्हते. आणि मग छगनने तो आकडा उच्चारला, ज्याखाली नृसिंहाची सही होती. बरोब्बर. राधाकृष्णपंतांनी "वा, गंधे!" म्हटलं.

छगनने पोत्यात हात घातला आणि आणखी एक झगा काढला. मग आणखी एक. मग दोन.

शेषाद्रींनी वहीतल्या आकड्यावर बोट ठेवलं.

"हे कुठले?" शेषाद्रींनी विचारलं.

"जास्तीचे, सर," नृसिंह म्हणाला.

"यांच्यावरही शिक्का आहे. म्हणजे माल सरकारचा. आणि सरकार म्हणतंय, माझा नाही." शेषाद्री खुर्चीत मागे टेकले. "कमी भरले असते तर सोपं होतं हो. कमी भरलं की आपण वाळवी लिहितो, उंदीर लिहितो. जास्त भरलं तर काय लिहू? मच्छरदाण्यांना पोरं झाली? जास्त निघालं की वरचे विचारतात, कुठून आलं. मग आम्ही शोधायला लागतो. आणि शोधायला लागलं की सापडतंच."

राधाकृष्णपंतांना अचानक खोकल्याची मोठी उबळ आली. ती थांबेपर्यंत त्यांचा चेहरा कोऱ्या जाळीसारखा पांढरा झाला होता. बाजारातली जाळी कुठून जात होती, हे नृसिंहाला त्या क्षणी कळलं, आणि ते आयुष्यात कोणालाही सांगता येणार नाही हेही कळलं.

शेषाद्री उठले. "मी चहा घेऊन येतो. आलो की इथे लिहिलंय तेवढंच असावं. आणि हे मोजलेले आत्ता माझ्यासमोर पोत्यात भरा. सील करा."

"सील, सर?"

"लाखेचं. नव्या सरकारच्या हवाली जायचंय."

"नाही, म्हणजे... हे संध्याकाळी परत..."

"परत?" शेषाद्रींनी चष्म्यावरून पाहिलं. "सरकारी माल परत कोणाला द्यायचा असतो, गंधे?"

लाख वितळली. पोत्याच्या तोंडावर सील बसलं. वरच्या विणीतून एक भिंग डोकावत होतं.

नृसिंह सायकलवरून निघाला तेव्हा कॅरियरवर फक्त ते चारच झगे होते. तुरुंग टळला होता, नोकरी टिकली होती. पंतांनी तर जाताना त्याचा हात दोन्ही हातांनी दाबला होता. पण भिंगार मागे पडलं तशी त्याची सायकल हळू होत गेली. तोफखान्यात सगळ्या बायका ओट्यांवर बसून असतील. निकालाची वाट बघत. माळीवाड्याच्या वेशीपाशी तो खाली उतरला आणि पट्ट्यांवरची नावं वाचू लागला. नालेगाव. नालेगाव. इंदू. बनुबाई.

"मालक!" समोरून बनुबाई रिकामी कासंडी घेऊन केडगावच्या वाटेला निघालेली. "कुनाला लागलं बक्षीस?"

नृसिंहाने तिच्याकडे बघितलं, झग्याकडे बघितलं, आणि काहीतरी हातात द्यायला हवं म्हणून तिचा झगा तिच्या हातात दिला.

"आन् बाकीच्यांचं कुठं हायत?"

"ते..." खोटं बोलायला नृसिंहाला आता वेळ लागत नव्हता, एवढी प्रगती झाली होती. "पसंत पडले, बनुबाई. साहेबाने ठेवून घेतले. विलायतेला जाणार."

बोलून झाल्यावर त्याला वाटलं, हे छान आहे. लंकाबाईंना हे चालेल. भिंगं विलायतेला गेली म्हटल्यावर त्या वर्षभर दुसरं बोलणार नाहीत. किती दिवसांनी त्याच्या मनात सायकलवर बसून घरी जावं असं आलं.

बनुबाई झग्याकडे बघत होती. "समद्यांचं ठिवलं?"

"जवळपास."

"आन् माझा परत दिला."

"हो... म्हणजे..."

"म्हंजी नापसंत केला." तिने झगा उलटा केला, सुलटा केला, शिक्का बोटाने चाचपला. "काय खोट हाय ह्यात? शिक्का हाय. खळ हाय. चार आनं दिऊन काठ लावलाय. त्या भिंगवालीचा पसंत, आन् आमचा का न्हाई? केडगावचा म्हनून?"

"बनुबाई, तसं नाही..."

"कसं हाय त्ये सायबालाच इचारती." तिने कासंडी वेशीतल्या पानवाल्याच्या फळीवर आदळली. "ठिव रं हितं, आले मी."

"कुठे? कुठे निघालात?"

"कॅम्पात. हाय न्हवं अजून त्यो सायब?"

होता. शेषाद्रींचा मुक्काम तीन दिवसांचा होता. नृसिंहाने सायकल वळवली, आणि वळवताना बाकीचे तीन झगे कॅरियरवरून घसरून रस्त्यावर पडले. ते उचलावेत की बनुबाईला गाठावं हे ठरवण्यात क्षणभर गेला.

"बनुबाई, थांबा! तुमचाही पसंत पडलाय!"

"मंग परत का दिला?" तिने मागे न बघताच ओरडून विचारलं.

झगा काखोटीला, सरकारी शिक्का बाहेर दिसेल असा, आणि पावलं झपाझप. बनुबाई कॅम्पाकडे जाणाऱ्या किल्ल्याच्या रस्त्याला लागली होती.